दोन शामके (गुंगी आणणारी औषधे) एकत्र दिल्यावर प्रयोगशाळेतला प्राणी झोपतो, की नुसता निपचित पडून राहतो?

जुना_प्रयोगकर्ता :

औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ज्यांनी कधीकाळी हेक्झोबार्बिटाल किंवा पेन्टोबार्बिटाल या बार्बिट्युरेट गटातल्या शामकांचा 'निद्राकाल' मोजला आहे, त्यांना पुढचे दृश्य आठवत असेल. उंदराच्या पोटात इंजेक्शन दिले की तो थोड्याच वेळात झोकांड्या खाऊ लागतो, मागचे पाय फरपटतात आणि तो एका कुशीवर कलंडतो. मग त्याला अलगद पाठीवर ठेवायचे आणि घड्याळ सुरू करायचे. आपणहून वळून तो चारही पायांवर येईपर्यंत जितकी मिनिटे जातात, तितकी वहीत 'झोप' या रकान्यात लिहायची. या प्रयोगाला फार खर्च येत नाही, उपकरण म्हणून एक घड्याळ पुरते आणि आकडा हातात पडतो. त्यामुळे दोन शामकांच्या मिश्रणावरचे जुने संशोधन मोठ्या प्रमाणात याच एका आकड्यावर उभे आहे. एका औषधाने अमुक मिनिटे, दुसऱ्याची जोड दिल्यावर त्याच्या दुप्पट, म्हणून 'झोप दुप्पट झाली', असा निष्कर्ष आजही सर्रास वाचायला मिळतो.

हा निष्कर्ष चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे, आणि त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. पाठीवर पडलेला प्राणी वळत नाही याचा अर्थ एवढाच की त्याची सरळ होण्याची प्रतिक्षिप्त क्रिया थांबली आहे. झोपलेल्या प्राण्याला स्पर्श केला तर तो जागा होतो. या उंदराला मात्र उचलून पाठीवर ठेवले तरी पत्ता लागत नाही. झोपेला स्वतःची आवर्तने असतात. रॅटमध्ये (माऊस म्हणजे लहान उंदीर आणि रॅट म्हणजे मोठा, हेच शब्द मी पुढे वापरतो) संथ लहरींची झोप आणि रेम झोप (डोळ्यांच्या जलद हालचालींची, स्वप्नांची झोप) यांचे एक आवर्तन साधारण 10 ते 15 मिनिटांत पूर्ण होते, आणि दिवसाच्या उजेडात अशी कितीतरी आवर्तने एकामागून एक होतात. शिवाय झोपेचा हिशेब शिल्लक राहतो. काल कमी मिळाली तर आज जास्त आणि गाढ येते. यातले काहीही घड्याळाने कळत नाही. त्यासाठी कवटीवर ईईजीचे (मेंदूच्या विद्युतलहरी नोंदणारे) आणि मानेच्या स्नायूंत ईएमजीचे (स्नायूंची विद्युतक्रिया नोंदणारे) इलेक्ट्रोड बसवावे लागतात, शस्त्रक्रियेनंतर प्राण्याला सावरायला काही दिवस द्यावे लागतात आणि मग तासन्‌तासांची नोंद काही सेकंदांचे तुकडे पाडून तपासावी लागते.

असे तपासले की चित्र पालटते. डायझेपामच्या, म्हणजे बेन्झोडायझेपिन गटातल्या औषधांनी रॅटला झोप लवकर लागते आणि संथ झोपेची मिनिटेही वाढतात, परंतु त्या झोपेतल्या सर्वांत संथ लहरी, म्हणजे डेल्टा लहरी, दुबळ्या होतात, जलद बीटा लहरी वाढतात आणि रेम झोप घटते. बार्बिट्युरेट रेम दाबतात. मॉर्फिनच्या जातीची औषधे झोपेचे तुकडे करतात आणि रेमही कमी करतात. झायलाझिन, डेक्समेडेटोमिडिन ही औषधे डेल्टा लहरी भरपूर आणतात, पण रेम जवळजवळ पुसून टाकतात. म्हणजे यांपैकी कोणतीही दोन औषधे एकत्र केली, तरी दोघांचाही भार रेमवर पडतो. वहीतल्या 'झोपे'च्या रकान्यात आकडा वाढत असताना प्रत्यक्षात झोपेचा एक संपूर्ण प्रकार नाहीसा होत असतो.

नवशिकी :

धाग्याबद्दल आभार. मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणून प्रश्न अगदी प्राथमिक वाटला तर समजून घ्यावे. डायझेपाम, बार्बिट्युरेट आणि अल्कोहोल ही तिन्ही गाबा या मेंदूतल्या पेशी शांत करणाऱ्या रसायनाच्या एकाच रिसेप्टरवर (पेशीवरच्या ग्राहीवर) काम करतात असे आम्हाला शिकवले आहे. जागा एकच असेल, तर दोन औषधे एकमेकांच्या वाटेत यायला हवीत. मग परिणाम इतका का वाढतो?

क्लोराइड :

रिसेप्टर एकच असला तरी त्यावरच्या जागा वेगळ्या आहेत, आणि सगळी मेख तिथेच आहे. गाबा-ए रिसेप्टर पाच तुकड्यांचा बनलेला असतो आणि मधोमध क्लोराइडच्या आयनांसाठी वाट असते. गाबा येऊन बसला की ती वाट उघडते, आयन आत शिरतात आणि पेशी शांत होते. डायझेपाम बसते दोन तुकड्यांच्या सांध्यात, आणि त्यामुळे ही वाट जास्त वेळा उघडते. बार्बिट्युरेट दुसऱ्याच ठिकाणी बसते, आणि त्यामुळे एकदा उघडलेली वाट जास्त वेळ उघडी राहते. वारंवारता एकाने वाढवली आणि कालावधी दुसऱ्याने, तर परिणामाची बेरीज न होता गुणाकारासारखे काही घडणे स्वाभाविक आहे.

आणखी एक फरक आहे, आणि तो जिवावर बेतणारा आहे. डायझेपाम स्वतः वाट उघडू शकत नाही. जितका गाबा हजर असेल तितक्याचाच जोर ते वाढवते, म्हणून एकट्याने दिले तर त्याच्या परिणामाला वरची मर्यादा राहते. बार्बिट्युरेटची मात्रा वाढवली तर ते गाबा नसतानाही वाट उघडते, त्यामुळे त्याला अशी मर्यादा नाही. डायझेपामच्या जोडीला बार्बिट्युरेट किंवा अल्कोहोल आले की डायझेपामची सुरक्षित मर्यादा मोडते. बेन्झोडायझेपिनला फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, बार्बिट्युरेटला असा नेमका उतारा नाही, हेही इथे लक्षात घ्यावे.

या रिसेप्टरच्या तुकड्यांचेही प्रकार आहेत. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात माऊसच्या अल्फा-1 तुकड्यातले एकच अमिनो आम्ल बदलले होते, हिस्टिडिनच्या जागी आर्जिनिन. अशा माऊसला डायझेपाम दिले तर त्याची चिंता कमी होते, पण गुंगी येत नाही. म्हणजे डायझेपामची गुंगी मुख्यतः अल्फा-1 मधून येते. मिश्रणाचा विचार करताना 'दोन्ही गाबावर काम करतात' एवढे म्हणून भागत नाही, कोणत्या तुकड्यावर हे विचारावेच लागते. गॅबोक्साडॉलचे उदाहरण घ्या. तेही गाबाच्याच रिसेप्टरांवर काम करते, पण प्रामुख्याने सायनॅप्सबाहेरच्या (चेतापेशींच्या जोडांबाहेरच्या) रिसेप्टरांवर, आणि रॅटमध्ये ते डेल्टा लहरी वाढवते, म्हणजे डायझेपामच्या नेमके उलट.

आलेखवही :

'गुणाकारासारखे' हा शब्द जपून वापरावा, अशी विनंती आहे. परिणाम वाढला म्हणजे समन्वयी, म्हणजे बेरजेपेक्षा जास्त, झालाच असे नाही. नुसत्या बेरजेनेही तो वाढतो. हा फरक ठरवण्याची पद्धत लोवे आणि मुइश्नेक यांनी 1926 साली मांडली आणि तिला आयसोबोलोग्राम म्हणतात. समजा, निम्मे माऊस पाठीवरून वळू नयेत यासाठी पहिल्या औषधाचे 10 भाग लागतात आणि दुसऱ्याचे 20. दोघांचा परिणाम केवळ बेरजेचा असेल, तर पहिल्याचे 5 आणि दुसऱ्याचे 10 भाग मिळून तेवढाच परिणाम दिसायला हवा. आलेखाच्या दोन अक्षांवर 10 आणि 20 हे बिंदू घेऊन ते रेषेने जोडले, तर 5 आणि 10 चा बिंदू बरोबर त्या रेषेवर पडतो. प्रत्यक्षात 3 आणि 6 भागांत काम झाले, तर बिंदू रेषेच्या खाली येतो आणि तेव्हाच समन्वय म्हणता येतो. 8 आणि 16 लागले तर ती औषधे एकमेकांना विरोध करत आहेत.

ही रेषा ज्या परिणामासाठी काढली आहे, त्या परिणामापुरतीच खरी असते, याकडे मात्र फार लोक दुर्लक्ष करतात. पाठीवरून वळण्यासाठी काढलेली रेषा रेम झोपेबद्दल काहीही सांगत नाही आणि श्वासाबद्दल तर मुळीच नाही. एकाच जोडीचे तीन परिणाम मोजायचे असतील, तर तीन आलेख काढावे लागतात, आणि ते तीन वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात.

जुना_प्रयोगकर्ता :

आलेखवही यांचा मुद्दा मोलाचा आहे. त्याला जोडून एक गोष्ट सांगतो, कारण मिश्रणाचे प्रयोग सर्वांत जास्त फसतात ते तिथे. परिणाम मेंदूत वाढला की यकृतात, हे आधी ठरवावे लागते.

एसकेएफ-525ए नावाचे एक जुने संयुग आहे. ते एकटे दिले तर प्राण्याला गुंगी येत नाही, पण हेक्झोबार्बिटालच्या आधी दिले तर 'निद्राकाल' कितीतरी लांबतो, कारण हेक्झोबार्बिटालचा निचरा करणारी यकृतातली विकरे (एन्झाइम) ते रोखून धरते. याच्या उलट, फेनोबार्बिटाल स्वतः शामक असूनही ते आधी काही दिवस दिले, तर यकृतातली विकरे वाढतात आणि नंतर दिलेल्या हेक्झोबार्बिटालने प्राणी लवकर उठतो. दोन शामके दिली आणि गुंगी घटली! यात मेंदूतल्या समन्वयाचा किंवा विरोधाचा काही संबंधच नाही.

यकृताचा वाटा किती मोठा असतो, हे 1958 साली क्विन, अ‍ॅक्सेलरॉड आणि ब्रॉडी यांनी दाखवले. हेक्झोबार्बिटालची वजनाच्या प्रमाणात सारखीच मात्रा दिली असता माऊस सुमारे 12 मिनिटांत उठला, सशाला 50 मिनिटांच्या आसपास लागली, रॅटला सुमारे दीड तास. कुत्र्याला तर निम्मीच मात्रा देऊनही पाच तासांच्या वर गेले. नर रॅटपेक्षा मादी रॅट जास्त वेळ पडून राहते, तेही नराचे यकृत हे औषध लवकर संपवते म्हणून.

माझ्या वहीतली एक नोंद अजून डोळ्यांपुढे आहे. आम्ही पेन्टोबार्बिटालवर दुसऱ्या एका शामकाचा परिणाम मोजत होतो. तिसऱ्या आठवड्यात मिश्रण दिलेल्या गटाचे आकडे खाली आले, आणि औषधांत विरोध आहे असे आम्ही जवळजवळ लिहूनच टाकले होते. सुदैवाने त्याच दिवशी कंट्रोल गटाची वही उघडली, तर नुसते पेन्टोबार्बिटाल दिलेले माऊसही आधीपेक्षा लवकर उठत होते. पिंजऱ्यांजवळ गेल्यावर नाकाला देवदारासारखा उग्र वास आला. भुसा पुरवणाऱ्याने न कळवता लाकूड बदलले होते. लाल सीडर आणि पाईन यांच्या भुश्यातली बाष्पनशील द्रव्ये माऊस आणि रॅट यांच्या यकृतातली विकरे वाढवतात, आणि बार्बिट्युरेटची गुंगी त्यामुळे आखडते, हे वेसेल यांनी 1967 सालीच प्रसिद्ध केले होते. आम्ही सगळी मालिका टाकून दिली आणि भुसा बदलून काही आठवड्यांनी नव्याने सुरुवात केली. त्या मालिकेत वापरलेले प्राणी वाया गेले, याचे दुःख आजही आहे.

तापमानाचेही तेच. शामकांनी लहान प्राण्याचे शरीर भराभर थंड होते, दोन औषधांनी अधिकच थंड होते, आणि थंड यकृत औषध हळू संपवते. खाली उबदार गादी नसेल, तर मोजलेल्या मिनिटांतली काही औषधाची नसून थंडीची असतात.

पशुवैद्य_एक :

मी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचीच काळजी घेतो, त्यामुळे मिश्रण हा माझ्यासाठी रोजचा विषय आहे. केटामिन एकटे दिले तर माऊसचे स्नायू ताठ होतात. त्यात झायलाझिन मिसळले की स्नायू सैल पडतात, वेदनाही कमी होते आणि भूल समाधानकारक येते. केटामिन एनएमडीए रिसेप्टर (पेशींना उत्तेजित करणारा) अडवते आणि झायलाझिन अल्फा-2 रिसेप्टर (नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा स्राव घटवणारा) चेतवते, म्हणजे दोघांचे रस्ते पूर्णपणे निराळे आहेत. मेडेटोमिडिन, मिडाझोलाम आणि ब्युटॉर्फॅनॉल अशा तीन औषधांचे मिश्रणही माऊससाठी वापरले जाते. त्या मात्रेत तिघांपैकी एकटे कोणतेही शस्त्रक्रियेला पुरेशी भूल देत नाही, तिघे मिळून देतात.

या प्राण्याला झोपलेला म्हणणे मला पटत नाही. केटामिन-झायलाझिनखाली त्याचे डोळे उघडेच राहतात आणि मलम घातले नाही तर बुबुळ कोरडे पडते. झायलाझिनमुळे इन्सुलिन रोखले जाते, रक्तातली साखर चढते आणि लघवी इतकी होते की खालचा कागद भिजतो. उठवण्याच्या बाबतीतही तसेच. अ‍ॅटिपामेझोल दिले की अल्फा-2 चा भाग उलटतो, पण केटामिनचा नाही. घाईने लवकर दिले, तर मागे एकटे केटामिन उरते आणि प्राणी ताठरलेल्या, बावरलेल्या अवस्थेत शुद्धीवर येतो. मिश्रणाचा एकच घटक काढून घेतल्यावर काय उरते, ते तेव्हा डोळ्यांनी दिसते.

निद्राजिज्ञासू :

चर्चा वाचून आनंद झाला, तरी धाग्याच्या मूळ भूमिकेला थोडा विरोध नोंदवतो. गुंगी आणि झोप यांच्यात इतकी पक्की भिंत नाही. डेक्समेडेटोमिडिन दिलेल्या रॅटच्या मेंदूचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यात हायपोथॅलॅमसमधल्या व्हीएलपीओ या झोप आणणाऱ्या केंद्रातल्या पेशी सक्रिय झाल्याचे आणि जागे ठेवणारे लोकस सेरुलियस शांत झाल्याचे दिसले, म्हणजे नैसर्गिक संथ झोपेत जे घडते तेच. व्हीएलपीओचे हे काम 1996 साली रॅटमध्येच उघड झाले होते. दुसरे उदाहरण 2004 सालचे आहे. 24 तास जागवलेल्या रॅटला प्रोपोफॉल या औषधाची भूल दिली, तर झोपेची थकबाकी त्या भुलीतच फिटते असे दिसले. औषधाची गुंगी झोपेचे काम काही अंशी करू शकते, हे मान्य करायला हवे.

जुना_प्रयोगकर्ता :

हा विरोध मी मनापासून स्वीकारतो, आणि 'गुंगी कधीच झोप नसते' असे माझ्या लिहिण्यातून ध्वनित झाले असेल, तर ते मागे घेतो. मात्र आपली दोन्ही उदाहरणे एकेकट्या औषधाची आहेत. शिवाय आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन या श्वासावाटे देण्याच्या भुलीनंतर प्राणी रेम झोपेची भरपाई करतात, म्हणजे भुलीच्या काळात ती थकबाकी फिटलेली नसते. एक औषध झोपेच्या केंद्राला हात घालून संथ झोप आणते आणि दुसरे संपूर्ण मेंदूवर पडदा टाकते. दोघांना एकत्र केले तर पहिल्याची नैसर्गिकता टिकत नाही. डेक्समेडेटोमिडिनखालच्या प्राण्याला डिवचले तर तो जागा होऊ शकतो, हा झोपेचाच गुण आहे. त्यात मिडाझोलाम आणि ब्युटॉर्फॅनॉलसारखी जोड मिळाली की पशुवैद्यांनी वर्णन केलेली शस्त्रक्रियेची भूल तयार होते.

क्लोराइड :

या निमित्ताने मेंदूच्या साफसफाईचा वाद नोंदवणे आवश्यक वाटते, कारण त्याच्या मुळाशी मिश्रणाचाच प्रश्न आहे. 2013 साली माऊसवरच्या गाजलेल्या कामात असे मांडले गेले की झोपेत मेंदूतल्या पेशींमधली मोकळी जागा सुमारे 60 टक्क्यांनी वाढते आणि टाकाऊ द्रव्ये वाहून जातात. त्यात नैसर्गिक झोप आणि केटामिन-झायलाझिनची भूल या दोन्ही स्थिती सारखेच उत्तर देतात असे दिसले होते. नंतर 2019 साली आढळले की भुलीचे औषध बदलले की हा प्रवाहही बदलतो. केटामिन-झायलाझिनखाली तो जोरकस असतो, आयसोफ्लुरेनखाली मंद. 2024 साली दुसऱ्या गटाने तर झोपेत आणि भुलीत हा निचरा उलट घटतो असे मांडले. आणि 2025 च्या सुरुवातीला असे दाखवले गेले की नैसर्गिक संथ झोपेत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या जागे ठेवणाऱ्या रसायनाच्या हळू हेलकाव्यांमुळे रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावतात आणि द्रव पुढे ढकलला जातो, तर झोल्पिडेम या झोपेच्या औषधाने हे हेलकावेच मंदावतात. झायलाझिनही नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्याच यंत्रणेवर काम करते. म्हणून केटामिन-झायलाझिनखालच्या माऊसवरून झोपेविषयी विधान करणे मला तरी धोक्याचे वाटते.

निद्राजिज्ञासू :

झोल्पिडेमचा उल्लेख आलाच आहे, तर मांजरीच्या पिलांवरचे 2008 सालचे काम सांगतो. पिलाचा एक डोळा काही तास झाकला, तर दृष्टीच्या मेंदूभागातली जोडणी बदलू लागते आणि त्यानंतरच्या झोपेत तो बदल पक्का होतो. झोल्पिडेम दिलेली पिले झोपली, पण बदल नेहमीसारखा पक्का झाला नाही. झोपेची मिनिटे होती आणि झोपेचे काम झाले नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. इथे माझे मत धागाकर्त्यांच्या बाजूने झुकते.

पशुवैद्य_एक :

श्वासाबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. मेंदूच्या देठात प्रीबॉट्झिंगर संकुल नावाचा छोटा पेशीसमूह आहे, जो श्वासाची लय ठरवतो. 1991 साली तो नवजात रॅटमध्ये दाखवला गेला. मॉर्फिनच्या जातीची औषधे याच पेशींना थेट मंद करतात. नैसर्गिक झोपेत कार्बन डायऑक्साइड वाढला, तर मेंदू जागा होतो आणि श्वास खोल घेतो. बेन्झोडायझेपिनने हे जागे होणेच दडपले जाते. एकाने लय मंदावली आणि दुसऱ्याने धोक्याची घंटा बंद केली, तर प्राणी शांत झोपल्यासारखा दिसत असतानाच जीव गमावतो. अशा जोडीबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2016 साली माणसांसाठी सर्वांत कडक, चौकटीतला इशारा लागू केला. माझ्या मते मिश्रणाच्या प्रत्येक प्रयोगात दर मिनिटाच्या श्वासांची नोंद ईईजीइतकीच अनिवार्य असावी.

नवशिकी :

सर्वांचे आभार. माझ्या प्रकल्पात डायझेपाम आणि एका जुन्या अँटिहिस्टॅमिनची (गुंगी आणणाऱ्या अ‍ॅलर्जीवरच्या औषधाची) जोडी रॅटवर तपासायची आहे. आधी आराखड्यात फक्त पाठीवरून वळण्याची चाचणी होती. आता मार्गदर्शकांशी बोलून ईईजी घ्यायचे ठरवले आहे. आराखडा करताना कशाकडे विशेष लक्ष द्यावे?

जुना_प्रयोगकर्ता :

गट चार ठेवावेत : नुसते द्रावण, एकटे डायझेपाम, एकटे अँटिहिस्टॅमिन आणि दोन्ही. द्रावणाच्या गटाला इंजेक्शनांची संख्या तितकीच द्यावी, कारण सुई टोचण्यानेही रॅटची झोप मोडते. औषध दिवसाच्या सुरुवातीला देऊ नये. त्या वेळी रॅट आधीच बहुतेक वेळ झोपलेला असतो, त्यामुळे झोप वाढायला जागाच उरत नाही आणि औषध निष्प्रभ असल्याचा भास होतो. अंधार सुरू होताना, म्हणजे त्याच्या जागे राहण्याच्या वेळी दिले, तर परिणाम स्पष्ट दिसतो. दोन्ही औषधांची रक्तातली पातळी मोजण्याची सोय असेल तर जरूर मोजावी, म्हणजे यकृताचा प्रश्न वेगळा काढता येईल. भुसा कोणत्या लाकडाचा आहे, ते पहिल्या दिवशी विचारून वहीत लिहून ठेवावे.

आणि औषधाचा अंमल उतरला की नोंद थांबवू नका, निदान पूर्ण 24 तास चालू ठेवा. मिश्रण दिलेल्या गटात दुसऱ्या दिवशीच्या उजेडात रेमची मिनिटे नेहमीपेक्षा वाढलेली दिसली, तर आदल्या रात्री प्राण्याला जी झोप मिळाली नाही, तिचा आकडा तुम्हाला तिथे सापडेल.